निखळणारा खांदा आणि शल्यचिकित्सेची शंभर वर्षे

खांदा हा माणसाच्या शरीरातला सर्वांत मोकळा सांधा, आणि मोठ्या सांध्यांमध्ये सर्वांत जास्त निखळतो तोही खांदाच. दोन्ही गोष्टींचे मूळ त्याच्या रचनेत आहे. दंडाच्या हाडाचे वरचे टोक म्हणजे एक मोठा गोळा. खवाट्याच्या हाडावरची ज्या खोबणीशी तो जुळतो, ती ग्लेनॉइड नावाची खोबण मात्र लहान आणि उथळ असते. बशीवर चेंडू टेकवून ठेवावा तसा हा प्रकार आहे: कोणत्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग खोबणीला टेकलेला असतो. हात डोक्यावर नेता येतो, पाठीमागे नेता येतो, गोल फिरवता येतो, तो या उथळपणामुळेच. हाडांनी जे सांभाळलेले नाही ते इतर ऊतींना सांभाळावे लागते. खोबणीच्या काठाने लॅब्रम ही चिवट तंतुमय कड असते, तिच्यापासून निघणारे अस्थिबंध आणि सांध्याचे आवरण असते, आणि बाहेरून रोटेटर कफचे चार स्नायू गोळा खोबणीत दाबून धरतात.

निखळलेल्या दर शंभर खांद्यांपैकी सुमारे पंचाण्णव पुढच्या बाजूला निखळतात. हात बाजूला उचललेला आणि बाहेरच्या अंगाला वळलेला असताना त्यावर जोर आला की गोळा पुढे सरकतो. चेंडू फेकणारा क्षेत्ररक्षक, भाला फेकणारा खेळाडू, चढाई करताना हात पकडला गेलेला कबड्डीपटू, टॅकल करणारा रग्बीपटू, हे सारे दिवसातून अनेकदा नेमक्या याच स्थितीत असतात. साठीच्या माणसाचा खांदा पडल्यामुळे निखळला आणि बसवला, तर बहुधा तो पुन्हा निखळत नाही. त्या वयात फाटतात त्या स्नायूंच्या कंडरा. विशीतल्या खेळाडूचे गणित वेगळे. त्याची लॅब्रमची कड खोबणीवरून सुटते, आवरण ताणले जाते, आणि पुढच्या वेळी तोच खांदा कमी जोराने निखळतो. त्यानंतर आणखी कमी. काहींचा खांदा अखेर झोपेत कूस बदलतानाही निसटतो. या खेळाडूंचे काय करायचे, हा प्रश्न शल्यचिकित्सेला गेली शंभर वर्षे पडलेला आहे. खांदा पुन्हा निखळू नये एवढेच पाहायचे, की हाताची पूर्ण हालचालही परत द्यायची, यावर त्याचे उत्तर दर पिढीला बदलत गेले.

प्रश्न स्वतः मात्र खूप जुना आहे. इजिप्तमध्ये देर अल मदिना येथील इपुय याच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात एक माणूस दुसऱ्याचा खांदा बसवताना दिसतो; ते चित्र तीन हजार वर्षांहून जुने आहे. पण बसवलेला खांदा वारंवार निखळू लागला तर काय, याचा पहिला तपशीलवार विचार हिपोक्रॅटिसच्या नावे असलेल्या सांध्यांवरील ग्रंथात आढळतो. त्यात म्हटले आहे की एरवी अंगाने तयार असलेल्या कित्येकांना या दुखण्यापायी व्यायामशाळा सोडावी लागली, आणि कित्येक जण लढाईत निरुपयोगी ठरून प्राणाला मुकले. उपाय होता डागणीचा. काखेतली कातडी चिमटीत धरून तिच्या घडीतून लाल तापवलेली बारीक सळई आरपार घालायची, आणि जखम भरल्यावरही बराच काळ दंड अंगाशी बांधून ठेवायचा. भरताना जो व्रण बनेल तो आकसेल आणि गोळ्याची बाहेर पडण्याची वाट बंद होईल, असा हेतू. ग्रंथकार आणखी एक बारकावा नोंदवतो: गोळा खालच्या अंगाने, काखेत निसटतो, म्हणून डाग तिथेच हवा, वर, पुढे किंवा मागे डागणारे वैद्य उलट गोळ्याला बाहेर ढकलतात. काखेतल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांपासून जपण्याची सूचनाही तिथे आहे. शरीर न उघडता एवढे अचूक निरीक्षण करणे ही साधी गोष्ट नव्हती.

पुढची दोन हजार वर्षे खांदा बसवण्याच्या युक्त्या वाढत गेल्या. वारंवार निखळणे थांबवण्याचा उपाय मात्र फारसा पुढे सरकला नाही. एकोणिसाव्या शतकात शवविच्छेदनांतून सांध्याच्या आतल्या खुणा दिसू लागल्या. माल्गेन यांच्यासारख्या फ्रेंच शल्यविशारदांनी गोळ्याच्या मागच्या बाजूला पडलेली खाच नोंदवली. १८९० मध्ये ब्रोका आणि हार्टमन यांनी खोबणीच्या पुढच्या काठावरून लॅब्रम आणि हाडावरचे आवरण सुटून आल्याचे वर्णन केले. जंतुनाशक पद्धती रुळल्यामुळे सांधा उघडण्याचे धाडस याच काळात होऊ लागले. सुरुवातीचे प्रयोग ओबडधोबड होते: कोणी गोळाच कापून काढला, कोणी ताणलेल्या आवरणाला चुण्या घालून ते आखूड केले. १९०६ मध्ये लाइपझिगचे गेओर्ग पेर्थेस यांनी सुटलेली कड पुन्हा हाडाला जोडण्याचे काम केले आणि ते छापलेही. कल्पना अगदी बरोबर होती. पण ती जर्मन नियतकालिकांतच राहिली, आणि पुढे या शस्त्रक्रियेला दुसऱ्याचेच नाव मिळाले.

ते नाव आर्थर सिडनी ब्लंडेल बँकार्ट यांचे. १८७९ मध्ये जन्मलेले बँकार्ट लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधले पहिले अस्थिशल्यविशारद. १९२३ मध्ये त्यांच्याकडे रुग्ण म्हणून आला तो त्यांच्याच हाताखाली पूर्वी काम केलेला एक तरुण डॉक्टर. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे सैल आवरण आखूड करायचे, असे ठरवून बँकार्ट यांनी खांदा उघडला. आत पाहिले तर आवरण सैल नव्हतेच. खोबणीच्या पुढच्या काठावरून लॅब्रम मात्र पूर्ण सुटलेली होती. शिवायचे काय, हे तिथेच स्पष्ट झाले. हाडाच्या काठाला भोके पाडून त्यांनी ती कड टाक्यांनी पुन्हा जागेवर बांधली. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी आपले मत मांडले: वारंवार निखळण्याचे मूळ या सुटलेल्या कडेत आहे, ती जोडली की दुखणे बरे होते, आणि इतर युक्त्यांची गरज नाही.

या लेखाचा लगेच गाजावाजा झाला नाही. १९३८ मध्ये बँकार्ट यांनी सलग २७ रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांपैकी एकाचाही खांदा पुन्हा निखळला नव्हता आणि सर्वांची हालचाल पूर्ण होती. सुटलेल्या कडेला आजही जगभर ‘बँकार्ट लीजन’ म्हणतात, आणि ती जोडण्याच्या कामाला ‘बँकार्ट रिपेअर’. त्यांचे म्हणणे थोडे एकांगी होते हे पुढे दिसले. सगळेच खांदे या एका कारणाने निखळत नाहीत. तरी आधीच्या साऱ्या गोंधळात नेमक्या जागेवर बोट ठेवल्याचे श्रेय त्यांच्याकडून काढून घेता येत नाही.

मग सगळ्यांनी बँकार्ट यांची वाट का धरली नाही? कारण ती अवघड होती. खोबणीचा काठ खोल असतो. तिथे पोचण्यासाठी कोरॅकॉइड हे खवाट्याचे पुढे आलेले चोचीसारखे टोक कापून बाजूला करावे लागे, पुढचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू तोडावा लागे, आणि मग अरुंद जागेत, कमी उजेडात, कठीण हाडाला भोके पाडावी लागत. अनेक शल्यविशारदांनी सोपा रस्ता निवडला: गोळा पुढे येतो ना, मग पुढची भिंतच घट्ट करा. बोलोन्याचे व्हित्तोरिओ पुत्ती आणि मँचेस्टरचे हॅरी प्लॅट यांनी वेगवेगळे, पण जवळपास एकसारखे तंत्र वापरले. सबस्कॅप्युलॅरिस कापून त्याची दोन टोके एकावर एक चढवून शिवायची. दोघांपैकी एकानेही ते छापले नाही. १९४८ मध्ये ऑस्मंड-क्लार्क यांनी ‘पुत्ती–प्लॅट’ या नावाने ते जगापुढे आणले. अमेरिकेत मॅग्नुसन आणि स्टॅक यांनी त्याच स्नायूचे टोक गोळ्यावर आणखी बाहेर नेऊन रोवले. दक्षिण आफ्रिकेत द्यु ट्वा यांनी आवरण धातूच्या स्टेपलने खोबणीला ठोकले. निकोला यांनी दंडाच्या बायसेप्स स्नायूची कंडरा गोळ्यात बोगदा पाडून त्यातून ओवली. एकूण या दुखण्यावर शंभराहून अधिक प्रकारच्या शस्त्रक्रिया सुचवल्या गेल्या, आणि एखाद्या दुखण्यावर इतके उपाय असतात तेव्हा त्यांतला एकही पुरेसा नसतो.

पुत्ती–प्लॅटने खांदा निखळणे बहुधा थांबे. त्याची किंमत हालचालीत मोजावी लागे. हात बाहेर वळवण्याची मर्यादा इतकी घटे की फुटबॉलच्या बचावपटूला कदाचित चालून जाई, पण गोलंदाजाला किंवा टेनिसपटूला नाही. त्या काळच्या मोजमापात तरीही ही शस्त्रक्रिया यशस्वी ठरे, कारण मोजायचे ते एवढेच: खांदा पुन्हा निखळला का? दुसरी किंमत उशिरा कळली. घट्ट आवळलेला गोळा खोबणीत मागे ढकलला जाई आणि वर्षानुवर्षे कूर्चा घासत राही. १९९० मध्ये हॉकिन्स आणि अँजेलो यांनी पुत्ती–प्लॅटनंतर दशकांनी संधिवाताने जखडलेल्या खांद्यांचा अभ्यास छापला. त्यांतल्या काहींना ती घट्ट शिवण सोडवून घ्यावी लागली होती. स्टेपल आणि स्क्रूंचा हिशेब त्याआधीच, १९८४ मध्ये, झकरमन आणि मॅट्सन यांनी मांडला होता. सैल झालेले, सरकलेले, तुटून सांध्यात फिरणारे धातू हाच त्यांचा विषय होता.

दरम्यान फ्रान्समध्ये विचाराची दिशा वेगळी होती. तिथले लक्ष हाडावर होते. नौदलातले शल्यविशारद उदार यांनी १९२० च्या दशकात कोरॅकॉइड लांबवून गोळ्यापुढे आडसर उभा करण्याचा प्रयत्न केला होता. स्वीडनचे हिबिनेट आणि त्यांच्याआधी जर्मनीचे एडन यांनी खोबणीच्या काठाला दुसरीकडच्या हाडाचा तुकडा जोडला. १९५४ मध्ये ल्याँचे मिशेल लातार्जे यांनी या साऱ्याला सुटसुटीत रूप दिले. लातार्जे शरीररचनाशास्त्रज्ञांच्या घराण्यातले. वडील आंद्रे हेही ल्याँचे नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञ. त्यांनी कोरॅकॉइडचे टोक त्याला लागून असलेल्या कंडरांसह कापले आणि खोबणीच्या पुढच्या काठाला स्क्रूने बसवले. चार वर्षांनी केपटाऊनचे आर्थर हेल्फेट यांनी आपले गुरू रोली ब्रिस्टो यांच्या नावाने जवळपास तशीच शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली.

लातार्जे यांची शस्त्रक्रिया इतकी पक्की का ठरते, याचा उलगडा दिदिए पात यांनी तीन कारणांनी केला. हाडाच्या तुकड्याने खोबण रुंद होते. त्याला जोडलेली कंडरा हात वर करून बाहेर वळवल्यावर, म्हणजे नेमक्या धोक्याच्या क्षणी, सबस्कॅप्युलॅरिसच्या खालच्या भागावर पट्ट्यासारखी ताणली जाऊन गोळा अडवते. आणि आवरण तुकड्याला चिकटलेल्या अस्थिबंधाच्या तुटक्या टोकाला शिवता येते. फ्रेंच रग्बीमध्ये ही शस्त्रक्रिया रुळली. इंग्रजी बोलणाऱ्या जगात मात्र बराच काळ तिच्याकडे संशयाने पाहिले गेले. शरीररचना बदलून टाकणारे काम, मज्जातंतूंच्या अगदी जवळून जाणारा चाकू, आणि सांध्याशेजारी स्क्रू. तो संशय अगदीच निराधार नव्हता. २०१३ च्या एका आढाव्यात १९०० हून अधिक खांद्यांमध्ये लहानमोठ्या मिळून सुमारे ३० टक्के गुंतागुंती दिसल्या, तर पुन्हा निखळण्याचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते.

बँकार्ट यांचा रस्ता अमेरिकेत पुन्हा मोकळा केला तो बॉस्टनच्या कार्टर रो यांनी. १९७८ मध्ये त्यांनी बँकार्ट पद्धतीने शिवलेल्या १४५ खांद्यांचा दीर्घकाळचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. पुन्हा निखळले फक्त पाच. रो यांचा आग्रह होता की खांदा फार दिवस बांधून ठेवू नये आणि गरजेपेक्षा घट्ट शिवू नये. त्यांनी आणखी एका गटाकडे लक्ष वेधले: खांदा पुरता कधीच निखळला नाही, पण चेंडू फेकताना हात एकदम बधिर पडतो, असे खेळाडू. गोळा अर्धवट सरकून परत जागेवर येत होता. खेळाडूला त्याचा पत्ता नसे. दिसे ते एवढेच की त्याची फेक गेली.

या फेकणाऱ्यांसाठी स्वतंत्र शस्त्रक्रिया घडली लॉस एंजेलिसमध्ये. फ्रँक जोब हे तिथल्या डॉजर्स या बेसबॉल संघाचे डॉक्टर. १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्यांनी नवा अस्थिबंध घालून त्याची कारकीर्द वाचवली होती. खांद्याच्या बाबतीत त्यांनी पाहिले की नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर पिचर परतत नाहीत, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे कापलेला सबस्कॅप्युलॅरिस. म्हणून जोब यांनी तो आडवा कापणे सोडून दिले. त्यांनी स्नायूच्या तंतूंच्या दिशेने फट पाडली, तिच्यातून आवरण गाठले, ते हवे तेवढेच आखूड करून खोबणीला जोडले, आणि शस्त्रक्रियेनंतर लवकरच हात हलवायला सुरुवात केली. येथे मोजमाप बदलले. खांदा निखळला का, हा प्रश्न मागे पडला. तो पूर्वीसारखा फेकतो का, हा पुढे आला.

याची सर्वांत गाजलेली कसोटी ऑरेल हर्शायझर. १९८८ मध्ये त्याने सलग ५९ डाव एकही धाव न देता पिचिंग केले होते आणि डॉजर्सने जिंकलेल्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला होता. १९९० च्या एप्रिलमध्ये त्याच्या उजव्या खांद्यावर जोब यांनी शस्त्रक्रिया केली. तोवर अशा पुनर्रचनेनंतर मोठ्या लीगमध्ये परतलेला पिचर जवळजवळ कोणी नव्हता, आणि हर्शायझरची कारकीर्द संपली असेच बहुतेकांना वाटत होते. तो तेरा महिन्यांनी, १९९१ च्या मे अखेरीस, मैदानात उतरला आणि २००० पर्यंत खेळला. १९८८ सारखी धार त्याच्या चेंडूंना पुन्हा कधी आली नाही, हेही खरे.

जोब खांदा उघडून काम करत होते त्याच वर्षांत दुर्बीण सांध्यात शिरली होती. सांध्यात दुर्बीण घालण्याचे सुरुवातीचे महत्त्वाचे प्रयोग जपानमधले. तोक्योचे ताकागी यांनी १९१८ मध्ये गुडघ्यात ती घातली, आणि पुढे वातानाबे यांनी ती नेहमीच्या वापरात आणली. खांद्यात दुर्बिणीतून लॅब्रम जोडण्याची सुरुवात १९८० च्या दशकाच्या आरंभी मिशिगनचे लॅनी जॉन्सन यांनी स्टेपल ठोकून केली. जुन्या स्टेपलचे सारे दोष नव्या वाटेने परत आले. त्यानंतर मॉर्गन आणि बोडेनस्टॅब यांनी १९८७ मध्ये खोबणीच्या आरपार भोक पाडून टाका पाठीमागे काढून बांधण्याची रीत दिली. त्यात मागच्या मज्जातंतूला धोका होता, आणि टाके ढिले पडत. खरा तोडगा निघाला तो दोरा लावलेल्या छोट्या अँकरने. हाडात बारीक भोक, त्यात रुतणारा अँकर, त्याच्या दोऱ्याने लॅब्रमला गाठ. बँकार्ट यांना जे काम मोठ्या चिरेतून आणि तासन्‌तास खटपट करून करावे लागे, तेच आता पेन्सिलीएवढ्या दोन-तीन छिद्रांतून होऊ लागले. सबस्कॅप्युलॅरिसला हातही लावावा लागत नव्हता. १९९० चे दशक संपेपर्यंत दुर्बिणीची शस्त्रक्रिया ही नवी रीत झाली होती.

याच काळात एक फसलेली वाट आली. लेझर किंवा रेडिओ लहरींनी सांध्याचे आवरण तापवले की त्यातले कोलॅजन आकसते, म्हणजे शिवण्याची गरजच नाही, असा दावा होता. जलद, सोपे, उपकरणे विकणाऱ्यांना फायद्याचे. काही वर्षे हजारो खांद्यांवर ते झाले. आकसलेले आवरण कालांतराने पुन्हा ताणले जाई, कधी इतके पातळ होई की नंतर शिवायला काही उरत नसे, आणि काही तरुण रुग्णांच्या सांध्यातली कूर्चा कायमची विरघळली. २००० नंतर काही वर्षांतच हे तंत्र मागे पडले. हिपोक्रॅटिसच्या सळईला वीज जोडून काय साधले, असे त्याकडे पाहून वाटल्यास नवल नाही.

दुर्बिणीच्या बँकार्टचे आकडे मात्र एकसारखे येत नव्हते. एका रुग्णालयात पाच टक्के खांदे पुन्हा निखळत, दुसरीकडे वीस टक्के. शल्यविशारदांच्या कौशल्यातला फरक, असे मानून पुढे जाणे सोपे होते. सॅन अँटोनियोचे स्टीफन बर्कहार्ट आणि केपटाऊनचे ज्यो द बेअर यांनी २००० मध्ये वेगळे उत्तर दिले. त्यांनी दुर्बिणीतून शिवलेले १९४ खांदे तपासले, त्यांत दक्षिण आफ्रिकेतले रग्बीपटू बरेच. ज्यांच्या हाडाची विशेष झीज झालेली नव्हती त्यांच्यापैकी चार टक्केच पुन्हा निखळले. ज्यांच्या खोबणीचा काठ झिजला होता, किंवा गोळ्यावरची खाच मोठी होती, त्यांच्यात हे प्रमाण ६७ टक्के निघाले. टक्कर होणाऱ्या खेळांतल्या खेळाडूंपैकी हाड शाबूत असलेल्यांत साडेसहा टक्के, हाड गेलेल्यांत ८९ टक्के. इतका मोठा फरक वैद्यकात क्वचित दिसतो.

त्या लेखात निरोगी खोबणीला पेअरचे फळ म्हटले होते, वर अरुंद आणि खाली रुंद. वारंवार निखळून खालचा पुढचा काठ झिजला की ते पेअर उलटे दिसू लागते. तसा काठ कितीही चांगला शिवला तरी गोळा टेकायला जागाच नसते. गोळ्यावरच्या खाचेची गोष्टही तशीच. ती खाच १९४० मध्ये हिल आणि सॅक्स या दोन अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञांनी नीट वर्णिली होती आणि तिला त्यांचे नाव मिळाले होते, पण साठ वर्षे ती बहुधा खांदा निखळल्याचा पुरावा म्हणूनच पाहिली गेली. हात वर करून वळवला की ही खाच खोबणीच्या काठात अडकते आणि तरफेसारखी गोळ्याला बाहेर काढते, हे आता लक्षात आले. फ्रेंचांचे हाडाकडचे लक्ष बरोबर होते. फक्त ते प्रत्येक खांद्याला लागू नव्हते.

यानंतरची दहा-पंधरा वर्षे मोजमापाची. जपानचे एइजी इतोई आणि त्यांचे सहकारी यांनी शवांच्या खांद्यांवर प्रयोग करून खोबणीची किती झीज झाल्यावर शिवण अपुरी पडते ते शोधले; त्यांचा २१ टक्क्यांच्या आसपासचा आकडा बराच काळ प्रमाण मानला गेला. २००७ मध्ये यामामोतो आणि इतोई यांनी ‘ग्लेनॉइड ट्रॅक’ ही कल्पना मांडली. हात फिरताना खोबण गोळ्यावरून ज्या पट्ट्यातून सरकते तो ट्रॅक; गोळ्यावरची खाच त्या पट्ट्याच्या आत राहिली तर धोका कमी, बाहेर गेली तर ती अडकणार. सीटी स्कॅनवर हे मोजता येते. त्याच वर्षी नीसचे बाल्ग आणि ब्वालो यांनी दहा गुणांचा साधा तक्ता दिला: वय वीस किंवा त्याहून कमी, स्पर्धात्मक खेळ, टक्करीचा किंवा हात डोक्यावर नेण्याचा खेळ, सांध्यांची सैलता, आणि क्ष-किरणावर दिसणारी दोन्ही हाडांची झीज. सहाच्या वर गुण गेले तर दुर्बिणीची शिवण टाळून लातार्जे पद्धत निवडावी, असा त्यांचा सल्ला. यूजीन वुल्फ यांच्या गटाने २००८ मध्ये मधली वाट दाखवली: लॅब्रम पुढून शिवायची आणि मागचा स्नायू गोळ्याच्या खाचेत टाचून ती भरून काढायची. तर आनसीचे लोराँ लाफोस यांनी लातार्जेची शस्त्रक्रियाच दुर्बिणीतून करून दाखवली आणि २००७ मध्ये ती छापली. ती शिकायला कठीण आहे, आणि सर्वत्र रुजलेली नाही.

दुर्बीण म्हणजे प्रगती, हे समीकरणही तपासले गेले. कॅनडातल्या कॅल्गरीच्या निकोलस मोहतादी यांनी १९६ रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटून उघडी आणि दुर्बिणीची बँकार्ट शस्त्रक्रिया तोलली. २०१४ च्या त्यांच्या लेखात दोन वर्षांनंतर पुन्हा निखळण्याचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ११ टक्के आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत २३ टक्के निघाले. तरीही जगात दुर्बिणीचाच वापर जास्त राहिला. नव्या शल्यविशारदांना उघडी शस्त्रक्रिया शिकायला मिळतच नाही, हेही त्याचे एक कारण.

शस्त्रक्रिया न करता भागते का, हा वाद समांतर चालत आला. त्याच्या बाजूचे सर्वांत ठसठशीत उदाहरण सुमोच्या रिंगणातले. चियोनोफुजी या मल्लाचा डावा खांदा वारंवार निखळे. शस्त्रक्रियेने बराच काळ बाहेर बसावे लागले असते. त्याने वजने उचलून आणि जोर काढून खांद्याभोवती स्नायूंचा चिलखती थर उभा केला. १९८१ मध्ये तो अठ्ठावन्नावा योकोझुना, म्हणजे सुमोतला सर्वोच्च दर्जाचा मल्ल, झाला आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याने ३१ स्पर्धा जिंकल्या. पण असे उदाहरण नियम ठरत नाही. बर्कहेड आणि रॉकवुड यांनी १९९२ मध्ये दाखवले की मार न लागता सैल झालेल्या खांद्यांना व्यायामाने सुमारे ८० टक्के चांगला गुण येतो, तर मार लागून सैल झालेल्यांना फक्त १६ टक्के. पहिल्यांदाच खांदा निखळलेल्या तरुणाचे काय? वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत आर्सिएरो यांनी १९९४ मध्ये ३६ खेळाडूंचा अभ्यास छापला: नुसता हात बांधून ठेवलेल्यांपैकी ८० टक्क्यांचा खांदा पुन्हा निखळला, लगेच शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी १४ टक्क्यांचा. स्वीडनचे होव्हेलियस यांनी मात्र आपल्या रुग्णांचा २५ वर्षे पाठपुरावा केला आणि त्यांना आढळले की १२ ते २५ वयात, शस्त्रक्रियेविना, पहिल्यांदा निखळलेल्या खांद्यांपैकी निम्मे पुन्हा निखळले नाहीत किंवा काळाने स्थिर झाले. एक अभ्यास लष्करी छात्रांचा, दुसरा सर्वसाधारण लोकांचा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. खेळाडूचा डॉक्टर बहुधा पहिला आकडा डोळ्यांपुढे ठेवतो.

हंगाम चालू असताना खांदा निखळला तर निर्णय आणखी अडतो. अमेरिकी महाविद्यालयांतल्या ४५ खेळाडूंच्या २०१४ च्या पाहणीत ७३ टक्के जण त्याच हंगामात परतले, तेही निम्म्या जणांच्या बाबतीत पाच दिवसांच्या आत. खांदा पुन्हा न निसटता हंगाम पूर्ण केला तो एकूण २७ टक्क्यांनी. हे आकडे प्रशिक्षकाला एक सांगतात आणि शल्यविशारदाला दुसरे. दर वेळी खांदा निसटताना खोबणीचा थोडा काठ जातो, आणि साध्या शिवणीवर भागणारा खांदा हंगामाअखेर लातार्जेच्या टेबलावर येऊ शकतो.

व्यावसायिक खेळाडूंत दोन प्रसंग या टप्प्यावर ठळक दिसतात. ३१ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकी फुटबॉलचा क्वार्टरबॅक ड्र्यू ब्रीस याचा फेकणारा उजवा खांदा निखळला. लॅब्रम चहूबाजूंनी, पूर्ण ३६० अंशांत सुटली होती. पाच दिवसांनी अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये जेम्स अँड्र्यूज यांनी दुर्बिणीतून ती अनेक अँकर लावून जोडली. मायामीच्या संघाने त्या खांद्यावर विश्वास टाकला नाही. न्यू ऑर्लीन्स सेंट्सने टाकला. फेब्रुवारी २०१० मध्ये सेंट्सने सुपर बाउल जिंकली आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ब्रीस होता.

दुसरा प्रसंग पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावरचा. २३ मार्च २०२१ रोजी इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात चेंडू अडवण्यासाठी सूर मारताना मुंबईचा फलंदाज श्रेयस अय्यर याचा डावा खांदा निखळला. तोवर तो दिल्ली कॅपिटल्सचा कर्णधार होता. एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये त्याची शस्त्रक्रिया झाली, आयपीएलचा पहिला टप्पा हुकला, आणि कर्णधारपद ऋषभ पंतकडे गेले. कोविडच्या साथीमुळे ती स्पर्धा मध्येच थांबली आणि उरलेले सामने सप्टेंबरमध्ये अमिरातींत झाले. अय्यर तिथे खेळला, पण कर्णधारपद परत आले नाही. नोव्हेंबरमध्ये कानपूरला त्याने कसोटी पदार्पणातच शतक केले. शस्त्रक्रियेपासून मैदानापर्यंत साधारण साडेपाच महिने लागले होते. शिवलेली कड हाडाला धरण्यासाठी आणि स्नायू पुन्हा बळकट होण्यासाठी चार ते सहा महिने लागतातच. अँकर सुधारले, दोरे सुधारले, दुर्बिणीतले चित्र स्वच्छ झाले. ऊती भरून येण्याचा हा कालावधी मात्र फारसा कमी झालेला नाही.